मगनवाडीला न भेटलेले सोबती

1934च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं ठाणं वर्ध्याला पडलं. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि त्यातलं घर संघाला देऊन टाकलं. गांधीजींचे पुतणे मगनलाल यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळालं. बैलघाणी, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या यांच्या जोडीला तिथे हातकागदाचंही काम चाले. के. बी. जोशी यांनी या कामावर पुस्तिका लिहिली आणि संघानंच ती छापली.

काम सांगायला सोपं, करायला चेंगट. चिंध्या आणि रद्दी भिजवून, कुटून लगदा करायचा. तो हौदातल्या पाण्यात कालवायचा. काड्यांची जाळी त्यात तिरकी बुडवून आडवी उचलायची आणि पाणी निथळेपर्यंत हलक्या हातानं हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. ओला ताव आधीच्या तावावर उलटायचा, थप्पी दाबायची, एकेक ताव सोडवून वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचा. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा इथले कागदी शतकानुशतकं हेच करत आले होते. मराठी दप्तरखान्यातले मोडी रुमाल अशाच घोटीव कागदाचे आहेत. घोटायचं कारण साधं होतं: बोरू अडखळू नये आणि शाई फुटू नये.

जपानमध्ये याच सुमाराला हातकागद निघत होता, पण त्याची घडण वेगळी. तो कोझोच्या सालीच्या लांब तंतूंचा. त्याला घोटत नाहीत. रंग लावलेल्या लाकडी ठशावर ओलसर ताव ठेवतात आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या चकतीनं, म्हणजे बारेननं, पाठीमागून रगडतात. रंग कागदावर बसत नाही, कागदाच्या अंगात मुरतो. आपला कागद लिहिणाऱ्यासाठी घडला, त्यांचा छापणाऱ्यासाठी. हा फरक लक्षात ठेवला की आपल्याकडे चित्रांचे लाकडी ठसे जपानइतके का बहरले नाहीत, याचं एक उत्तर हाती लागतं.

मात्र मगनवाडी जो प्रश्न सोडवू पाहत होती तो कागदापुरता नव्हता. गिरण्या आणि छापखाने सगळं स्वस्तात आणि झटपट करून देत असताना हातानं केलेली वस्तू कुणासाठी करायची, आणि तिचा कस कुणी ठरवायचा? जपान आणि चीनमधले मुद्राचित्रकार त्याच वर्षांत याच प्रश्नाशी झगडत होते. त्यातले बहुतेक वर्ध्याला कधी आले नाहीत. तरी त्यांची चरित्रं वर्ध्याच्या प्रयोगाशेजारी ठेवून वाचली की दोन्हींचा अर्थ जास्त उलगडतो.

चौघांचा धंदा

होकुसाई आणि हिरोशिगे ही नावं आपल्याला ठाऊक असतात, पण त्यांची चित्रं एकट्याची नव्हती. प्रकाशक पैसा घाली आणि विषय ठरवी. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरणारा तो कागद जंगली चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेघा राखी आणि बाकीचं लाकूड काढून टाकी. छापणारा प्रत्येक रंगाच्या वेगळ्या फळीवरून तोच ताव नेई, आणि तो तसूभरही सरकू नये म्हणून फळीच्या कडेला दोन खाचा कोरलेल्या असत. चौघांपैकी एकाचा हात चुकला की चित्र गेलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिळाछाप आणि छायाचित्र आले आणि या धंद्याचा कणा मोडला. आपल्याकडे तेच दिवस पुण्याच्या चित्रशाळेचे आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे. देवदेवतांची रंगीत चित्रं घरोघर गेली ती यंत्रावर छापून. जपानला मात्र लाकडी ठशाची जुनी, कसलेली परंपरा होती आणि ती सोडवत नव्हती. तिच्यापुढे दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट प्रकाशक शोझाबुरो वातानाबे यांची. जुनी चौघांची पद्धत तशीच ठेवायची, फक्त चित्र नव्या नजरेचं घ्यायचं. हिरोशी योशिदा याच वाटेनं ठशांकडे आले. 1876 साली कुरुमे इथे जन्मलेले हे चित्रकार मुळात जलरंगातले. तेविसाव्या वर्षी ते अमेरिकेला गेले आणि डेट्रॉइटमध्ये त्यांची चित्रं भराभर विकली गेली. वातानाबेंसाठी त्यांनी 1920 पासून काही ठसे काढले. 1 सप्टेंबर 1923च्या भूकंपात आणि आगीत वातानाबेंचं दुकान जळालं आणि फळ्याही गेल्या. भूकंपग्रस्त चित्रकारांसाठी पैसा उभा करायला योशिदा पुन्हा अमेरिकेला गेले. तिथे त्यांना दिसलं की लोकांना तैलचित्रांपेक्षा ठशांची ओढ जास्त आहे आणि सुमार ठसेही हातोहात खपताहेत. परतल्यावर 1925 मध्ये त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. कोरणारे आणि छापणारे पगारी ठेवले, पण प्रत्येक फळीवर आणि प्रत्येक रंगावर स्वतः उभं राहून लक्ष ठेवलं. कधीकधी एका चित्रासाठी नव्वदच्या वर हात छापायला लागत. त्यांच्या देखरेखीखाली निघालेल्या प्रतीच्या समासात ‘जिझुरी’ असा शिक्का असे. स्वतः छापलेलं, असा त्याचा अर्थ.

1930-31च्या हिवाळ्यात योशिदा आपला मुलगा तोशी याला घेऊन हिंदुस्थानात आले. कांचनगंगा, काशी, उदयपूर, फत्तेपूर सिक्री, मदुरा अशी त्यांची भटकंती झाली आणि त्यात आपलं अजिंठाही होतं. परतल्यावर 1931-32 मध्ये या प्रवासाची चित्रमालिका निघाली. ताजमहालाचे त्यांनी अनेक ठसे काढले. फळ्या त्याच ठेवून फक्त रंग बदलले की सकाळची रात्र होई. हे कसब पाहून थक्क व्हायला होतं. त्याच हिवाळ्यात मिठाच्या सत्याग्रहात पकडलेले हजारो लोक तुरुंगात होते. त्या हिंदुस्थानचा मागमूस मात्र या चित्रांत नाही. योशिदांचं गिऱ्हाईक दूर अमेरिकेत होतं आणि त्याला हवा तसा देश त्यांनी दाखवला. यात खोटेपणा नव्हता. ज्याच्यासाठी छापायचं त्याची नजर छापात उतरते, एवढंच.

दुसरी वाट कानाए यामामोतो यांची. लहानपणी ते लाकूड कोरणाऱ्याच्या हाताखाली शिकले होते. 1904 साली त्यांनी एका कोळ्याचं चित्र स्वतः काढलं, स्वतः कोरलं आणि स्वतः छापलं. चौघांचं काम एकानं करायचं हा विचार तिथून पसरला आणि पुढे त्याची चळवळ झाली. यामामोतो 1912 मध्ये फ्रान्सला गेले आणि 1916 मध्ये रशियातून परतले. येताना त्यांनी रशियन शेतकऱ्यांच्या हस्तकला आणि मुलांची चित्रं पाहिली. मायदेशी परतून ते नागानो प्रांतातल्या एका खेड्यात गेले. 1919 मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. पुस्तकातलं चित्र गिरवायचं नाही, डोळ्यांना दिसतं ते काढायचं, एवढाच त्याचा नियम होता. त्याच वर्षी त्यांनी शेतकऱ्यांसाठी वर्ग काढला. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली असताना लोक लाकडाच्या पेट्या, ताटल्या, बाहुल्या कोरायला शिकू लागले.

वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्माला आली. हातकाम हेच शिक्षणाचं माध्यम, खेडं हीच शाळा. यामामोतोंचा प्रयोग त्याआधी अठरा वर्षांचा. दोघांचा कुठे संबंध आला नाही. सरकारी अनुदान आटलं तशी यामामोतोंची संस्था 1930च्या दशकातच बंद पडली. शेतकऱ्यांनी कोरलेल्या वस्तू शहरातल्या दुकानांत विकल्या जात, त्यामुळे मागणी शहराच्या लहरीवर हलत राही. खादी भांडारांना हे दुखणं चांगलं परिचयाचं आहे.

शांघायचे सहा दिवस

लू शुन हे चिनी कथाकार तरुणपणी वैद्यक शिकायला जपानला गेले आणि ते अर्धवट सोडून लेखनाकडे वळले. 1931 मध्ये ते शांघायला राहत होते. उचियामा कान्झो या जपानी माणसाचं पुस्तकांचं दुकान हा त्यांचा रोजचा अड्डा. त्या उन्हाळ्यात कान्झोंचा धाकटा भाऊ काकिची सुट्टीत भावाकडे आला. तो तोक्योच्या सेइजो शाळेत मुलांना हस्तकला शिकवी. ठसे कसे कोरतात हे तो घरच्यांना दाखवत होता आणि ते लू शुन यांच्या पाहण्यात आलं. आमच्या मुलांना हे शिकवाल का, असं त्यांनी विचारलं. आपण साधे शाळामास्तर, चित्रकार नव्हे, म्हणून काकिची कचरले. पण लू शुन यांनी सोडलं नाही.

17 ते 22 ऑगस्ट असे सहा दिवस वर्ग चालला. विद्यार्थी तेरा. काकिची जपानीत सांगत आणि पन्नाशीचे लू शुन शेजारी उभे राहून चिनीत. ते रोज घरून छापचित्रांचं गाठोडं घेऊन येत. त्यात जर्मनीच्या केटे कोलविट्झ यांची चित्रंही असत. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लू शुन यांचा तरुण लेखकमित्र रौ शी याला सरकारनं गोळ्या घातल्या होत्या. त्याच्या स्मरणार्थ लू शुन यांनी कोलविट्झ यांचं ‘बलिदान’ हे चित्र मासिकात छापलं. त्यात एक आई आपलं मूल वर उचलून देते आहे.

लाकडी ठसाच का? मुळात ठशाची छपाई चीनमधूनच जपानला गेली होती. आता ती एका शाळामास्तरामार्फत नव्या रूपात घरी परतली. पण लू शुन यांची कारणं व्यवहाराची होती. फळी, चाकू, शाई आणि कागद एवढ्यावर काम भागतं. छापखाना बंद पाडला तरी ठसा बंद पडत नाही आणि एका रात्रीत शंभर प्रती निघतात. सरकारलाही हे समजलं. हांगचौच्या कला विद्यालयातल्या एका विद्यार्थ्यानं सोव्हिएत शिक्षणमंत्री लुनाचार्स्की यांचं व्यक्तिचित्र कोरलं, तेवढ्यावरून तो तुरुंगात गेला. ‘आघाडीवर चला’ हा ठसा 1932 मध्ये कोरणाऱ्या हू यिछ्वान यांनाही तुरुंगवास झाला. 1935 मध्ये क्वांगचौच्या ली हुआ यांनी एक ठसा कोरला. एक उघडा माणूस खांबाला जखडलेला, डोळ्यांवर पट्टी, तोंड वासलेलं, आणि एक हात जमिनीवर पडलेल्या सुरीकडे चाचपडत पोचतो आहे. चित्राचं नाव ‘गर्ज, चीन’. अंगावरच्या रेघा इतक्या ताणलेल्या आहेत की दोर कुठे संपतो आणि शीर कुठे सुरू होते हे वेगळं काढता येत नाही. याच ली हुआ यांची मंडळी जपानी ठसेकारांशी चित्रांची देवाणघेवाणही करत होती. देशांत वैर होतं, कारागिरांत नव्हतं.

8 ऑक्टोबर 1936 ला शांघायला ठशांचं फिरतं प्रदर्शन आलं होतं. आजारी लू शुन ते पाहायला गेले आणि तरुण चित्रकारांशी गप्पा मारत बसले. शा फेइ या छायाचित्रकारानं त्यांची छायाचित्रं घेतली. अकरा दिवसांनी लू शुन वारले. त्याच डिसेंबरात आपल्या खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं.

नंदबाबूंचा काळा-पांढरा

फैजपूरचा मंडप बांबू आणि चटयांचा होता. तो सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. जपान-चीनचा धागा मध्य हिंदुस्थानात येतो तो या माणसाच्या हातून. 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर नंदबाबू चीन आणि जपानला गेले. येताना त्यांनी चिनी शिलालेखांवरून घासून घेतलेले ठसे आणि जपानी रंगीत छापचित्रं शांतिनिकेतनच्या कलाभवनासाठी आणली. आंद्रे कार्पेलेस या फ्रेंच चित्रकर्तीमुळे लाकूड कोरायचं वळण तिथे आधीच पडलं होतं. पुढे नंदबाबूंचा मुलगा विश्वरूप रंगीत ठसे शिकायला जपानला गेला. कोल्हापूरहून आलेले विनायक मासोजी याच कलाभवनात आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक होते.

एप्रिल 1930 मध्ये नंदबाबूंनी लिनोलियमच्या तुकड्यावर दांडीयात्रेतले गांधीजी कोरले. पार्श्वभूमी सपाट काळी. त्यातून कोरून काढलेली पांढरी आकृती, हातात उंच काठी, पाऊल पुढे टाकलेलं. छटा कुठेच नाही. पंच्याच्या दोन-चार घड्या, पोटरीची एक रेघ, आणि चालण्याचा सगळा जोर काठीच्या तिरक्या रेषेत. आज पाठ्यपुस्तकांपासून टपाल तिकिटांपर्यंत ज्या गांधींची छबी डोळ्यांपुढे येते, तिचा उगम बराचसा इथे आहे. ते स्वस्तात आणि सहज छापता येत होतं, म्हणूनच सगळीकडे गेलं.

1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदबाबूंनी ऐंशीच्या वर चित्रफलक रंगवले: ढोल वाजवणारा, शिंपी, चांभार, दही घुसळणारी बाई. हातकागद आणि मातीचे रंग. गांधीजींचा आग्रह असा की अधिवेशनाला येणाऱ्या खेडुताला चालता चालता कला दिसावी, तिकीट काढून नव्हे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननं ताडाची झाडं, मोर आणि चरखा उठावात लिंपले ते याच सुमारास.

वर्ध्याच्या वाटेवर दोन्ही देश

त्या वर्षांत जपान आणि चीन दोन्ही वर्ध्याच्या आसपास वावरत होते. 1933 च्या ऑक्टोबरात निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्यांचा डफासारखा ढोल आणि ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ हा मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत आला. त्यांचे शिष्य आश्रमात राहून इतरांसारखंच काम करत.

जुलै 1937 मध्ये जपाननं चीनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला. 1 सप्टेंबर 1938 ला काँग्रेसचं वैद्यकीय पथक मुंबईहून चीनला निघालं. त्यातल्या पाच डॉक्टरांपैकी सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत असतात. वयानं मोठे असलेले डॉ. चोळकर वर्ध्याशेजारच्या नागपूरचे, हे फारसं सांगितलं जात नाही. चोळकर लवकर परतले. कोटणीस आणि पथकातले अटल व बसू फेब्रुवारी 1939 मध्ये कम्युनिस्टांचं ठाणं असलेल्या येनानला पोचले आणि कोटणीसांनी त्या वर्षाचा बराच काळ तिथे काढला.

आणि 1940 च्या फेब्रुवारीत गांधीजी शांतिनिकेतनला गेले, तेव्हा तिथे श्यू बेइहोंग हे नामांकित चिनी चित्रकार पाहुणे होते. त्यांनी गांधीजींचं रेखाटन केलं. पुढे याच बेइहोंगांचं नाव येनानच्या एका पोरसवदा ठसेकाराच्या संदर्भात येतं.

गू युआनची मेंढरं

येनानच्या पिवळ्या मातीच्या टेकड्यांत गुहांसारखी घरं होती. तिथे 1938 मध्ये लू शुन यांच्या नावानं कला विद्यालय निघालं. ठसे कोरायला पेअर आणि बोरीच्या जातीच्या झाडाचं लाकूड मिळे. शांघायहून आलेल्या तरुणांनी कोलविट्झच्या धर्तीवर चित्रं कोरली. गडद सावल्या, अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा. हू यिछ्वान यांची तुकडी ही चित्रं घेऊन आघाडीकडच्या खेड्यांत गेली. खेडूत ती बघून हसले, काही घाबरले. माणसाचं अर्धं तोंड काळं का, एवढंच त्यांचं विचारणं. या लोकांच्या घरी नववर्षाला दारावर आणि चुलीपाशी देवांची रंगीत छापील चित्रं चिकटवायची चाल होती. आपल्याकडे श्रावणात जिवतीचा कागद लावतात तशीच. नरसिंह, कालियामर्दन, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती हे ज्या भिंतीनं वर्षानुवर्षं पाहिलं, तिला सावली-उजेडाचा खेळ कसा पटावा? जिवतीच्या कागदात सगळं स्वच्छ दिसतं, ठळक रेघेत, चेहरा पुरता उजळ. चित्रकारांना हे उमगलं. त्यांनी दारावरच्या देवाच्या जागी सैनिक आणि शेतकरी घातला, आणि रेघ मात्र त्या जुन्या कागदाची घेतली.

हे सगळ्यांत जास्त साधलं ते गू युआनला. क्वांगतुंग प्रांतातला हा मुलगा येनानला आला तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. 1940 मध्ये त्याला न्यानच्वांग या गावात कामाला पाठवलं. तिथे तो गावकऱ्यांना अक्षरओळख करून देई. त्यासाठी त्यानं कागदाचे पत्ते केले, एका बाजूला चित्र आणि सोबत शब्द. शब्द शिकून झाले तरी लोक पत्ते टाकत ना. गाय, गाढव, मेंढरू, कोंबडी यांची चित्रं ते भिंतीला लावून ठेवत. त्यांच्या जगण्यात जनावर किती मोलाचं हे गू युआनला तिथे कळलं आणि त्यानं गुराढोरांचे ठसे कोरले.

मेंढरांच्या कळपाचा ठसा त्यानं गावकऱ्यांना दाखवला. लोकांनी तो नीट पाहिला आणि चुका काढल्या. मेंढपाळाबरोबर कुत्रं नाही, मग लांडगा आला तर? आणि त्याच्याजवळ पोतं कुठे आहे? मेंढी डोंगरावर व्यायली तर कोकरू आणायचं कशात? गू युआननं ठसा पुन्हा कोरला. कुत्रं आलं आणि मेंढपाळाच्या हाती कोकरूही आलं. चित्र चांगलं झालं ते समीक्षकानं सुचवल्यामुळे नव्हे, तर मेंढरं पाळणाऱ्यानं सुचवल्यामुळे. घटस्फोट मागायला आलेल्या बाईचा त्याचा ठसाही असाच दोनदा झाला. पहिल्यात सावल्या आहेत, दुसऱ्यात जिवतीच्या कागदासारखी स्वच्छ रेघ.

1942 मध्ये राष्ट्रवादी सरकारच्या राजधानीत, चुंगकिंगला, ठशांचं प्रदर्शन भरलं. श्यू बेइहोंग कम्युनिस्ट नव्हते. तरी गू युआनचं काम पाहून त्यांनी वर्तमानपत्रात त्याची मोकळी तारीफ केली. गांधीजींचं रेखाटन करून त्यांना तीन वर्षंही झाली नव्हती.

सेवाग्रामचं पत्र

जपान महायुद्धात उतरल्यावर आश्रमातल्या जपानी भिक्षूला सरकार घेऊन गेलं. 18 जुलै 1942 ला गांधीजींनी सेवाग्रामहून ‘प्रत्येक जपान्यास’ या मथळ्याचं पत्र लिहिलं आणि ते ‘हरिजन’मध्ये आलं. चीनवरच्या आक्रमणाचा त्यात स्पष्ट निषेध होता. त्याच पत्रात त्या भिक्षूची नियमित उपासना आणि आश्रमवासीयांनी त्याच्यावर केलेली माया यांचाही उल्लेख होता. त्याच वर्षी 9 डिसेंबरला कोटणीस उत्तर चीनमध्ये वारले. त्यांनी प्रमुखपद सांभाळलेल्या इस्पितळाला कॅनडाच्या ज्या डॉ. बेथून यांचं नाव होतं, त्यांची छायाचित्रंही शा फेइ यानंच घेतली होती.

जपानी ठसेकारांचं या काळात काय झालं? योशिदा 1938 ते 1940 या वर्षांत लष्कराचे चित्रकार म्हणून चीनला जाऊन आले. अजिंठ्याचा शांत उजेड टिपणारा हात आता सैन्याच्या मागोमाग हिंडत होता. कागद आणि रंग रेशनवर गेले आणि 1943 मध्ये ठसेकारांची देशसेवा संघटना उभी राहिली. त्यात सामील होणाऱ्याला सामान मिळे. लू शुन यांनी ठसा निवडला तो छापखाना हातात नसतानाही चालतो म्हणून. जपानमध्ये दिसलं की कागद सरकारच्या ताब्यात गेला की ठसाही सरकारच्या ताब्यात जातो. मगनवाडीचा कागदाचा आग्रह इथे नव्यानं समजतो. चिंध्यांपासून आपला ताव आपण काढणं ही स्वस्ताईची गोष्ट होती, तशीच स्वातंत्र्याचीही.

पुढे काय झालं

1944 मध्ये कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. मुलांना चित्र गिरवायला लावू नये, हातकाम आणि कला यांत भिंत घालू नये, हे त्यांनी अठरा वर्षं केलं आणि पुढे पुस्तकातून मांडलं. यामामोतोंच्या खेड्यातल्या शाळेसारखाच विचार वेगळ्या वाटेनं वर्ध्यात पोचला, असं म्हणायला हरकत नाही.

योशिदा 1950 मध्ये वारले. घराण्याचं काम तोशीनं चालवलं. जपानी ठशाला जगानं पुन्हा मान दिला तो शिको मुनाकातांमुळे. आओमोरीच्या लोहाराचा हा मुलगा नजरेनं इतका अधू की फळीवर नाक टेकवून कोरी. 1939 मध्ये त्यांनी बुद्धाचे दहा शिष्य कोरले: शारिपुत्र, मौद्गल्यायन, आनंद आणि बाकीचे, प्रत्येक जवळपास मीटरभर उंच. 1956 मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना मुद्राचित्रांचं मोठं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आनंद, राहुल ही नावं विदर्भाच्या घराघरांत आली.

चीनमधल्यांचं नशीब जास्त खडतर. ज्यांना सरकारनं तुरुंगात घातलं होतं, त्यातले काही 1949 मध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यानंतर स्वतः सरकारी संस्थांचे प्रमुख झाले. शांघायच्या त्या तेरा विद्यार्थ्यांपैकी च्यांग फेंग यांच्या हाती पेकिंगची मध्यवर्ती कला संस्था आली. 1957 मध्ये त्यांच्यावर उजव्या विचारांचा शिक्का बसला आणि ते बाजूला फेकले गेले. वीस-बावीस वर्षांनी शिक्का पुसला आणि त्यांना पुन्हा तिथलंच प्रमुखपद मिळालं. 1982 मध्ये ते वारले. पुढे गू युआनही याच संस्थेचा प्रमुख झाला.

या सगळ्यांत हात कमी कुणाचाच नव्हता. कसबात योशिदा कदाचित सगळ्यांच्या पुढे होते. फरक पडला तो चित्र कुणापुढे ठेवलं यात. योशिदांनी ते समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकापुढे ठेवलं. यामामोतोंनी शेतकऱ्याच्या हाती पटाशी दिली, पण माल शहरापुढे मांडला. पेकिंगमध्ये पुढेपुढे चित्र पक्षापुढे ठेवावं लागलं आणि चित्रकाराला पक्षाच्या लहरीवर दिवस काढावे लागले. न्यानच्वांगमध्ये मात्र काही महिने ते मेंढपाळापुढे होतं, आणि मेंढपाळानं कुत्रं कुठे आहे असं विचारल्यावर चित्रकारानं फळी पुन्हा हाती घेतली.

वर्ध्यानं खेड्यासाठी पुष्कळ केलं: घाणी सुधारली, कागद काढला, शाळा घातली, संग्रहालय उभारलं. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं, तेव्हा खेड्याच्या कारागिरीला मानाची जागा मिळाली. पण खेड्यासाठी करणं आणि खेड्याला चूक काढू देणं यांत अंतर आहे. आज गावासाठी योजना आखणाऱ्या, वस्तू घडवणाऱ्या किंवा चित्र काढणाऱ्या कुणालाही ते अंतर चुकलेलं नाही. चूक काढायला गाव कायमच तयार असतं. फळी दुसऱ्यांदा कोरायची तयारी करणाऱ्याकडे असावी लागते.